वेस्टर्न खोगीर : बांधणी, दुरुस्ती आणि कारागिराची जबाबदारी

मराठीत बिनकामाच्या भरण्याला 'खोगीरभरती' म्हणतात. खोगिरात काय, चिंध्या कोंबल्या तरी चालतात, अशी समजूत या शब्दामागे आहे. आम्ही खोगिरे उसवून बसणारी माणसे. आम्हाला विचाराल तर घोड्याच्या पाठीचे आणि स्वाराच्या हाडांचे भवितव्य त्या भरतीवरच अवलंबून असते. वरचे नक्षीकाम गिऱ्हाईक पाहतो. आतले काम फक्त घोड्याला कळते आणि त्याला बोलता येत नाही. म्हणून या धंद्यात हुनराइतकीच इमानदारी लागते.

चामड्याचे काम करणाऱ्या आपल्या कारागीर बंधूंना, विशेषतः ज्यांचे बॅग, पट्टे, चपला यांचे काम मंदावले आहे त्यांना, वेस्टर्न खोगिराची बांधणी आणि दुरुस्ती ही एक जोडविद्या म्हणून शिकता येईल का, याचा विचार या लेखात करू. काळाचौकीच्या आमच्या गाळ्यात आम्ही जे शिकलो आणि जिथे चुकलो, ते दोन्ही येथे सांगत आहोत.

काळाचौकी आणि घोड्याचा संबंध काय?

लालबाग आणि कॉटन ग्रीन यांच्या मधला हा भाग गिरण्यांचा. येथे चामड्याचे काम होते ते गिरणीसाठी. यंत्र फिरवणारे चामडी पट्टे, मागावरचा धोटा मारणारे म्हशीच्या कच्च्या कातड्याचे पिकर, सूत काढणाऱ्या रोळांवर चढवायचे मेंढीचे कातडे, अशा कामांवर कितीतरी हात जगत. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक थंड झाल्या आणि हे कामही संपले. ज्यांनी पिकरचे काम पाहिले आहे त्यांना वेस्टर्न खोगिरातली एक मोठी गोष्ट निम्मी ठाऊक असते, कारण या खोगिराचा लाकडी सांगाडाही कच्च्या कातड्यातच मढवतात. त्याविषयी पुढे सांगू.

घोड्याचा संबंध मुंबईला जुना आहे. ९ मे १८७४ रोजी या शहरात पहिली ट्राम धावली ती घोड्यांची. पुढे १९०७ साली विजेची ट्राम आली आणि ट्रामच्या घोड्यांचा साज बनवणाऱ्यांना दुसरे काम शोधावे लागले. व्हिक्टोरिया गाड्या मात्र आणखी शंभर वर्षे टिकल्या. जून २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हौसेच्या फेऱ्यांसाठी घोडागाडी चालवणे बेकायदा ठरवले आणि एका वर्षात ती बंद करण्यास सांगितले. २०२१ साली घोड्याविना, बॅटरीवर चालणाऱ्या तशाच दिसणाऱ्या गाड्या रस्त्यावर आल्या. गाडीवाल्यांच्या हालाविषयी वर्तमानपत्रांत बरेच छापून आले. त्यांच्या मागे लगाम, पट्टे, गळपट्टा शिवणारे कारागीर होते, त्यांच्याविषयी कोणी लिहिले नाही. आमच्या ओळखीतले असे काही हात आज बॅगा शिवतात.

यातून एक धडा घ्यावा. गिऱ्हाईक जाते, यंत्र बदलते, कायदा बदलतो. हातातला टाका मात्र कोणी काढून घेऊ शकत नाही. तो कुठे लावायचा ते वेळेवर शोधावे लागते.

काम कुठे मिळते?

आधी खरे सांगितले पाहिजे. वेस्टर्न खोगीर आपल्याकडे थोडेच वापरतात. महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर, जे १८८३ पासून चालू आहे, तिथे जॉकीचे हलके खोगीर लागते. घोडेस्वारी शिकवणाऱ्या बहुतेक क्लबांत इंग्रजी खोगीर असते. वेस्टर्न खोगीर दिसते ते शहराबाहेरच्या काही रायडिंग फार्मवर, हौशी घोडेमालकांकडे आणि सिनेमा-जाहिरातींच्या चित्रीकरणासाठी साज भाड्याने देणाऱ्यांकडे. नवी वेस्टर्न खोगिरे आपल्या देशात मोठ्या प्रमाणावर बनतात ती कानपूरला आणि ती बहुतेक परदेशी जातात. कानपूरच्या खोगीरकामाला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे.

मग मुंबईच्या कारागिराला यात काय? उत्तर आहे दुरुस्ती. खोगीर कानपूरचे असो की अमेरिकेचे, त्याचा टाका मुंबईच्या दमट हवेत सुटला तर मालक ते कानपूरला पाठवत बसत नाही. शिवाय जो वेस्टर्न खोगीर उघडून पुन्हा बांधू शकतो, त्याला माथेरान, महाबळेश्वर, पाचगणी येथील प्रवासी घोड्यांचे साधे खोगीर, लग्नाच्या घोड्याचा साज आणि सारंगखेड्याच्या यात्रेत विकला जाणारा माल हे सर्व सोपे जाते. नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी दत्तजयंतीला भरणारा सारंगखेड्याचा घोडेबाजार या धंद्यातल्या माणसाने एकदा तरी पाहावा. कोणत्या जातीच्या घोड्याची पाठ कशी असते, हे तिथे दोन दिवसांत जितके कळते तितके गाळ्यात बसून दोन वर्षांत कळत नाही.

माथेरानला मोटारींना बंदी असल्याने घोड्यांना काम आहे. पण डिसेंबर २०२२ पासून तेथेही ई-रिक्षाचा प्रयोग सुरू झाला. तेव्हा एकाच गिऱ्हाइकावर किंवा एकाच गावावर भिस्त ठेवू नये. खोगीरकाम ही जोडविद्या आहे, हे आम्ही म्हणूनच सुरुवातीला म्हटले.

हे खोगीर आले कुठून?

अमेरिकेतल्या गुराख्याचे म्हणून ओळखले जाणारे हे खोगीर मुळात स्पेनमधून तिकडे गेले. इसवी सन ७११ पासून १४९२ पर्यंत स्पेनच्या कमी-अधिक भागावर मुसलमानांचे राज्य होते. उत्तर आफ्रिकेतल्या झनाता या बर्बर टोळीचे स्वार आखूड रिकिबीवर, गुडघे वाकवून, चपळाईने घोडा फिरवीत. स्पॅनिश लोकांनी ही पद्धत उचलली आणि तिला 'जिनेता' म्हटले. घोडेस्वाराला स्पॅनिश भाषेत आजही 'खिनेते' म्हणतात, तो शब्द या झनातांच्या नावावरूनच आला. १५१९ मध्ये स्पॅनिश लोकांनी मेक्सिकोत घोडे नेले. तिथल्या विस्तीर्ण रानात गुरे दोराच्या फासाने पकडावी लागत. दोराचे टोक बांधायला खोगिराच्या पुढच्या बाजूला शिंगासारखा खुंट आला. दिवसदिवस बसायचे म्हणून बैठक रुंद झाली, मागची कड उंच झाली. हेच पुढे टेक्सास आणि कॅलिफोर्नियात वेस्टर्न खोगीर झाले.

ज्या कारागिराला आपल्या वस्तूचा इतिहास माहीत असतो त्याला तिच्या प्रत्येक भागाचे प्रयोजन कळते. ज्याला प्रयोजन कळते तो दुरुस्ती करताना चुकीचा भाग कापत नाही.

खोगिराचे अवयव

सर्वांत आत असतो सांगाडा. धंद्यात त्याला ट्री म्हणतात. घोड्याच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना बसणाऱ्या दोन लांब फळ्या म्हणजे बार. त्यांना पुढे जोडणारी कमान म्हणजे फोर्क, तिच्यावर हॉर्न, आणि मागे जोडणारी उंच कड म्हणजे कँटल. फोर्कखालच्या पोकळीला गलेट म्हणतात. चांगल्या जुन्या सांगाड्यात लाकूड असते आणि त्यावर ओले कच्चे कातडे ताणून शिवलेले असते. ते वाळले की आवळते आणि लाकडाला पोलादासारखे धरून ठेवते. आजकाल फायबरग्लास आणि प्लॅस्टिकचे सांगाडेही असतात.

सांगाड्यावर बैठक, तिच्याखाली दोन्ही बाजूंना पसरलेले स्कर्ट, स्वाराच्या पायाखाली लोंबणारे रुंद फेंडर आणि त्यांच्या टोकाला रिकिबी. स्कर्टच्या खालच्या बाजूला लोकरीसह मेंढीचे कातडे लावलेले असते. सांगाड्याला पक्क्या केलेल्या कड्यांना रिगिंग म्हणतात. त्या कडीतून जो लांब मऊ पट्टा जातो तो लॅटिगो आणि पोटाखालून जातो तो सिंच, म्हणजे आपला तंग.

इंग्रजी खोगिराचे वजन साधारण ५ ते ८ किलो असते, वेस्टर्नचे १३ ते २० किलोपर्यंत जाते. वजन जास्त असले तरी ते मोठ्या पृष्ठभागावर पसरते, हे याचे गमक. हे पसरणे बिघडले तर तेच वजन घोड्याला इजा करते.

हत्यारे

चपला-बॅगांचे काम करणाऱ्याकडे निम्मी हत्यारे असतातच. रापी, आरी, दाभण, मोगरी, कैची, पंच, पक्कड आणि मेणाचा गोळा. नव्याने घ्यायची ती अशी : जाड चामडे कापायला अर्धगोल पात्याची सुरी, कड मारायला एज बेव्हलर, टाक्यासाठी चर पाडणारे हत्यार, टाक्याचे अंतर आखणारे दातेरी चाक, आणि बोथट टोकाच्या हार्नेस सुया. शिवताना चामडे दोन्ही हात मोकळे ठेवून धरण्यासाठी लाकडी शिकंजा लागतो, तो कोणताही सुतार बनवून देतो. संपूर्ण खोगीर बांधायचे तर सांगाडा पक्का बसवायला लाकडी घोडी लागते.

सर्व हत्यारे एकदम घेऊ नयेत. दुरुस्तीच्या पहिल्या दहा कामांत जे हत्यार तीनदा मागून आणावे लागले, ते विकत घ्यावे.

चामड्याची निवड

खोगिराला साल-हिरड्यासारख्या वनस्पतींनी कमावलेले, म्हणजे व्हेजिटेबल टॅन, चामडे लागते. ते ओले करून आकार देता येतो, वाळल्यावर आकार धरते आणि त्यावर नक्षी उठते. क्रोमने कमावलेले चामडे मऊ आणि ताणणारे असते. ते बैठकीला किंवा फेंडरला लावले तर आकार राहत नाही.

जाडी औंसात सांगतात. एक औंस म्हणजे इंचाचा चौसष्टावा भाग, सुमारे ०.४ मिलिमीटर. स्कर्ट आणि फेंडरला १३ ते १५ औंस, म्हणजे ५ ते ६ मिलिमीटर जाडीचे चामडे लागते. ते पाठीच्या भागातून घ्यावे. पोटाकडचे चामडे स्वस्त मिळते, पण ते ताणते. रिकिबीचा एक पट्टा पोटाच्या चामड्याचा आणि दुसरा पाठीच्या चामड्याचा लावला तर महिन्याभरात स्वार एका बाजूला झुकलेला दिसेल.

महाराष्ट्रात २०१५ पासून गायीबरोबरच बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आहे. म्हशीच्या कातड्याला ती बंदी लागू नाही. त्यामुळे माल घेताना तो कोणत्या जनावराचा, कुठून आला, याचे पक्के बिल घ्यावे आणि जपून ठेवावे. कानपूर, चेन्नई, कोलकाता येथून कमावलेला माल येतो, त्याचेही बिल हवे. बिलावाचून चार पैसे वाचतात आणि एखाद्या दिवशी सारा माल जातो. म्हशीचे चामडे मजबूत असते, पण त्याचा दाणा जाड असतो आणि बारीक नक्षी तितकी उठत नाही. गिऱ्हाइकाला ते आधी सांगावे.

आपल्या वाचकांसाठी आणखी एक गोष्ट. जुन्या इंग्रजी खोगिरांच्या बैठकीला डुकराचे कातडे लावण्याची रीत होती. वेस्टर्न खोगिराची बैठक सहसा गोवंशाच्या चामड्याची असते. तरीही काम हातात घेण्यापूर्वी दाणा नीट पाहावा. डुकराच्या कातड्यावर केसांची छिद्रे तीन-तीनच्या पुंजक्यांत दिसतात. ते ओळखता आले तर काम घ्यायचे की नाही हे आपण आधीच ठरवू शकतो, काम अर्ध्यावर आल्यावर गिऱ्हाइकाशी वाद होत नाही.

टाका

खोगिराचा टाका म्हणजे एक दोरा आणि दोन सुया. आरीने भोक पाडायचे, एक सुई उजवीकडून, दुसरी डावीकडून त्याच भोकातून काढायची आणि दोन्ही बाजू सारख्या ओढायच्या. मशीनच्या टाक्यात वरचा आणि खालचा दोरा एकमेकांत अडकलेले असतात, एक झिजला की ओळ सैल होत जाते. हाताच्या या टाक्यात एक पदर तुटला तरी दुसरा धरून राहतो. दोरा तागाचा किंवा पॉलिएस्टरचा, मेण चोळलेला. शिवायच्या लांबीच्या चौपट दोरा घ्यावा, चामडे फार जाड असेल तर थोडा अधिक. इंचाला ५ ते ७ टाके पुरतात. जास्त बारीक टाके घातले तर भोके जवळजवळ येतात आणि चामडे तिकिटासारखे त्या रेषेवर फाटते. आरी प्रत्येक भोकात एकाच तिरकसपणाने घालावी. शिकणाऱ्याने पहिला महिना टाकाऊ पट्ट्यांवर फक्त हाच टाका घालावा. आमच्या उस्तादांनी आमच्याकडून तेच करवून घेतले. त्या वेळी आम्ही मनातून चिडत होतो. आज आम्हीही शागिर्दाला तेच करायला लावतो.

आमची एक चूक

आता आमच्या चुकीविषयी. काही वर्षांपूर्वी एका थंड हवेच्या ठिकाणचा घोडेवाला मे महिन्याच्या तोंडावर एक जुने वेस्टर्न खोगीर घेऊन आला. बैठकीचे चामडे फाटले होते, लोकर झडली होती. हंगाम आठ दिवसांवर होता. आम्ही वरचे चामडे बदलले, नवी लोकर लावली, तेल-पॉलिश केले. खोगीर नव्यासारखे दिसू लागले. तो खूश झाला, आम्हीही पैसे मोजून घेतले.

दोन आठवड्यांनी त्याचा निरोप आला. घोड्याच्या मानेमागच्या उंचवट्यावर मोठी जखम झाली होती. खोगीर परत आले तेव्हा आम्ही ते उलटे करून ताणून पाहिले आणि मधोमध करकर आवाज आला. डावा बार आधीपासूनच तडकलेला होता. नव्या चामड्याने आम्ही ती तड फक्त झाकली होती. घोड्याला ऐन हंगामात तीन आठवडे उभे ठेवावे लागले. त्या माणसाची वर्षाची कमाई त्याच तीन आठवड्यांची. आम्ही मजुरी परत केली, औषधाचा खर्च दिला. पण त्याचा हंगाम आणि त्या जनावराच्या वेदना आम्हाला परत करता आल्या नाहीत.

तेव्हापासून आमच्या गाळ्यात नियम आहे : सांगाडा तपासल्याशिवाय दोऱ्याला हात लावायचा नाही आणि तुटलेल्या सांगाड्यावर नवे चामडे चढवायचे नाही, गिऱ्हाईक कितीही आग्रह करो.

तपासणीचा क्रम

एक. खोगिराची मागची कड आपल्या पोटाला टेकवावी, हॉर्न दोन्ही हातांनी धरून आपल्याकडे ओढावा. चांगला सांगाडा हलत नाही. मध्ये वाकला किंवा आवाज झाला तर बार तुटला आहे. मग फोर्कच्या दोन्ही बाजू आत-बाहेर दाबून पाहाव्यात. तिथे हालचाल झाली तर फोर्क तुटला. घोडा खोगिरासह लोळला, पडला किंवा खोगीर उंचावरून आपटले की असे होते.

दोन. रिगिंगची कडी आणि तिचे स्क्रू पाहावेत. त्याभोवतीचे चामडे भोकांत लांबट झाले असेल तर ते बदलावे. कडी जस्ताच्या ओतीव मालाची असेल तर ती अचानक तुटते. पितळ किंवा स्टेनलेस स्टील लावावे. लोखंडी खिळा दमट हवेत गंजतो आणि आजूबाजूचे चामडेही जाळतो.

तीन. लॅटिगो, तंग आणि रिकिबीचे पट्टे घडीवर वाकवून पाहावेत. घडीत तडे दिसले किंवा लाल-तपकिरी भुकटी बोटाला लागली तर चामडे मेले. तेल लावून मेलेले चामडे जिवंत होत नाही. हे तीन भाग स्वाराच्या जिवाचे आहेत, यांना ठिगळ लावू नये, पूर्ण बदलावेत.

चार. टाक्याच्या ओळी नखाने उचलून पाहाव्यात. जिथे दोरा उठतो तिथे तो आतून कुजलेला असतो.

पाच. शक्य असेल तर घोडा पाहावा. पाठीवर पांढरे केस उगवलेले दिसले तर तिथे पूर्वी दाब पडला आहे. स्वारीनंतर सगळीकडे घाम आणि मध्येच एक कोरडा डाग, हेही दाबाचेच लक्षण.

मापाविषयी

बैठकीचे माप फोर्कच्या पायथ्यापासून मागच्या कडेच्या मध्यापर्यंत घेतात. मोठ्या माणसाला साधारण १५ ते १७ इंच लागते. घोड्याचे माप वेगळे. खांद्याच्या हाडामागे दोन-तीन बोटे सोडून, वाकणारी जाड तार पाठीवर आडवी दाबावी, तिचा आकार पुठ्ठ्यावर उतरवून कापावा. तो पुठ्ठा बारच्या कोनाशी ताडून पाहावा. गलेटची रुंदी बहुधा ६ ते ७ इंच असते. अमेरिकेतल्या रुंद पाठीच्या घोड्यासाठी केलेला सांगाडा आपल्याकडच्या अरुंद पाठीच्या घोड्यावर खाली बसतो आणि कमान थेट हाडावर टेकते. स्वार बसल्यावरही कमानीखाली दोन-तीन बोटे गेली पाहिजेत. खोगीर शेवटच्या बरगडीच्या मागे जाता कामा नये. हे न जुळणारे खोगीर जाड घोंगडी घालून जुळवता येते, असे पुष्कळ जण समजतात. घट्ट बुटात जाड मोजा घातल्यासारखे ते आहे.

दुरुस्ती शिकण्याचा क्रम

पहिल्या टप्प्यात पट्टे : लॅटिगो, तंगाचे पट्टे, रिकिबीचे पट्टे. दुसऱ्या टप्प्यात टाके पुन्हा घालणे. नवी भोके पाडू नयेत, जुन्याच भोकांतून शिवावे. तिसऱ्या टप्प्यात लोकर बदलणे. जुनी लोकर फेकण्याआधी तिचाच नमुना करून घ्यावा, नवी लोकर आधी चिकटवून मग कडेने शिवावी. आतमध्ये चुरगळी राहिली तर घोड्याला फोड येतो. चौथ्या टप्प्यात बैठक आणि कँटलचे चामडे बदलणे.

या चौथ्या टप्प्यात चामडे भिजवण्याची कला लागते. थंड पाण्यात बुडबुडे थांबेपर्यंत भिजवावे, मग ओल्या फडक्यात गुंडाळून रात्रभर ठेवावे. सकाळी मूळ रंग परतू लागला, पण हाताला थंड लागते, ती वेळ ताणण्याची. गरम पाणी वापरल्यास चामडे आकसून कडक होते. उन्हात किंवा शेगडीजवळ वाळवल्यास तडकते. सावलीत, हवेत वाळू द्यावे. घाईचे गिऱ्हाईक आले तर त्याला दुसरा दिवस सांगावा, चामड्याला घाई करू नये.

संपूर्ण नवे खोगीर हा पाचवा टप्पा. किमान वीस-पंचवीस खोगिरे उसवून पुन्हा बांधल्याशिवाय त्याच्या वाटेला जाऊ नये. पहिले खोगीर तयार सांगाडा विकत घेऊन करावे. सांगाडा बनवणे ही स्वतंत्र विद्या आहे.

मुंबईचा पावसाळा

जून ते सप्टेंबर या महिन्यांत बुरशी हा आपला मोठा शत्रू, आणि खरे तर मोठे गिऱ्हाईकही. बुरशी आलेले खोगीर उघड्यावर, कोरड्या कपड्याने पुसावे, साबणाने धुऊन सावलीत वाळवावे, मग हलके तेल द्यावे. तेल फार दिले तर चामडे लिबलिबीत होते आणि टाक्याचा दोरा कुजतो. प्लॅस्टिकच्या पिशवीत खोगीर बांधून ठेवू नये, सुती कापड झाकावे. पावसाळ्याआधी गिऱ्हाइकांना निरोप पाठवून तपासणीचे काम मागवले तर मंदीच्या महिन्यांतही गाळा चालू राहतो.

हिशोब

आपले बरेच कारागीर मालाच्या किमतीत अंदाजाने मजुरी मिळवून भाव सांगतात आणि वर्षाअखेरीस हात रिकामा राहतो. समजा, लोकर बदलण्याच्या एका कामाला सामान ९०० रुपयांचे लागले आणि दोन दिवस गेले. आपली रोजची मजुरी ८०० धरली तर झाले २,५००. गाळा, वीज, हत्यारांची झीज यांसाठी दहा टक्के, म्हणजे २५०. यावर पंधरा टक्के नफा धरला तर भाव सुमारे ३,१६० रुपये होतो. आकडे आपापले घालावेत, पद्धत हीच ठेवावी. कामाआधी काय बदलणार, काय नाही, हे लिहून गिऱ्हाइकाची सही घ्यावी. सांगाडा तुटलेला असेल तर तेही त्या कागदावर लिहावे. पुढे ज्यांना परदेशी माल पाठवायचा विचार असेल त्यांनी ध्यानात ठेवावे की खोगीर आणि साज यांचा निर्यातीतला क्रमांक ४२०१ हा आहे. याची चौकशी चर्म निर्यात परिषदेकडे करता येते.

शिक्षण आणि मदत

चेन्नईची केंद्रीय चर्म संशोधन संस्था १९४८ पासून काम करते, चामडे कमावणे आणि पारखणे यासाठी ती उपयोगी. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ पारंपरिक धंदे आहेत. त्यांत खोगीरवाला असा वेगळा उल्लेख नाही, पण चर्मकार आणि पादत्राणे कारागीर आहेत. नोंदणी झालेल्या कारागिराला प्रशिक्षण, हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आणि ५ टक्के व्याजाने आधी १ लाख, नंतर २ लाख रुपयांपर्यंत कर्ज, अशी तिची रचना आहे. आपण त्यात बसतो का, हे जवळच्या कॉमन सर्व्हिस सेंटरवर विचारावे. कर्ज व्याजाचे आहे, तेव्हा ते घ्यायचे की नाही हे ज्याने त्याने ठरवावे. प्रशिक्षण आणि हत्यारांची मदत मात्र चौकशी न करताच सोडू नये.

तरीही खरी शाळा उस्तादाचा गाळा. जुन्या व्हिक्टोरियांचा साज शिवलेले हात या शहरात अजून आहेत. त्यांचे डोळे मंदावत आहेत. आपल्या मोहल्ल्यात असा कोणी बुजुर्ग असेल तर मुलाला सहा महिने त्यांच्याकडे बसवा, चहापाणी आपण करा. त्यांच्यासोबत टाका गेला तर तो कोणत्याही योजनेतून परत मिळणार नाही.

शेवटी, ज्या खोगिरामुळे आमची मान खाली गेली, त्याचा तडकलेला बार आम्ही फेकला नाही. तो गाळ्यात शिकंज्याच्या वर खिळ्याला टांगला आहे. नवा शागीर्द आला की पहिल्या दिवशी त्याच्या हातात सुई देत नाही, तो बार देतो आणि तड कुठे आहे ते बोटाने शोधायला सांगतो. ती सापडली की मग टाक्याचा धडा सुरू होतो.